डायफ्रामचा काय गुन्हा?

जुनी गाडी बंद पडण्याला कारणं थोडी असतात, सांगणारे फार. नवी गाडी बंद पडली तर लोक लांबून बघतात. तिच्यात कॉम्प्युटर असतो आणि कॉम्प्युटरसमोर माणूस जरा जपून बोलतो. जुन्या पिकअपचं तसं नाही. ती सगळ्यांची असते. बॉनेट उघडायच्या आधीच चार जण बाह्या सरसावून पुढे होतात आणि त्यांतला एकही "मला माहीत नाही" असं म्हणत नाही. आळेफाटा ते ओतूर या पट्ट्यात गाडीच्या बाबतीत हे वाक्य कुणी उच्चारल्याचं निदान माझ्या तरी कानावर आलेलं नाही.

आमच्या दाजींकडे अशी एक पिकअप आहे. नारायणगावच्या मार्केटातून टोमॅटोचे क्रेट भरायचे, माळशेज घाट उतरून कल्याणला टाकायचे आणि रिकामे क्रेट घेऊन परत वर यायचं, हा तिचा वर्षानुवर्षांचा धंदा. किलोमीटरचा आकडा फार पूर्वीच थांबलाय. तो थांबला त्या दिवशी गाडीचं वयही थांबलं असं दाजी मानतात आणि कुणी गाडी विकायची का विचारलं तर तोच आकडा छाती फुगवून दाखवतात.

तर या गाडीचे पंप जायला लागले. एक गेला, नवा बसवला. तोही गेला. मग आणखी नवा. पुढंपुढं स्पेअर पार्टवाला दाजींना लांबून येताना बघूनच खोका काढून काउंटरवर ठेवायला लागला.

लक्षण ठरलेलं. जाताना उतार, गाडी गुणाची. येताना टोकावडं मागं पडून चढ सुरू झाला की थोड्या वेळात आचके द्यायची. ॲक्सिलरेटर दाबावा तशी जास्तच गुदमरायची आणि एखाद्या वळणावर गप्प व्हायची. दाजी चाकाला दगड लावायचे, उतरून भाजलेलं कणीस घ्यायचे आणि दरीत बघत ते सावकाश सोलायचे. कणीस संपलं, कणीसवाल्याशी टोमॅटोच्या भावावर बोलून झालं, की सेल्फ मारायचे. गाडी चालू! काही झालंच नाही अशा थाटात वर चढायची. "पाव्हणं, तिला इसावा लागतो," दाजी मला सांगायचे. ही पहिली थिअरी. हिच्यात तथ्य होतं, हे पुढं कळेलच. पण दाजींनी लावलेला अर्थ गाडीच्या वयाशी संबंधित होता आणि खरं कारण वयाचं नव्हतं.

आता डिझेल गाडीत पंप म्हणजे दोन. मोठा पंप डिझेल दाबून नोझलला देतो, शंभराहून जास्त पट हवेच्या दाबानं. रुडॉल्फ डिझेलनं १८९०च्या दशकात आपलं इंजिन बनवलं तेव्हा इंधन आत घालायला दाबलेली हवा वापरली होती. तिच्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागायचा आणि तो लटांबर गाडीवर घेऊन फिरणं अवघड. १९२७ साली बॉशनं हा मोठा पंप कारखान्यात बनवायला सुरुवात केली आणि डिझेलचे ट्रक सर्रास झाले. त्याच्यातला दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यात अंतर असतं जेमतेम तीन-चार मायक्रॉनचं. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. म्हणजे केस सोडाच, केसावरची धूळही तिथं जाता कामा नये. आणि आपण त्याला डिझेल देतो ते कॅनमधून, नरसाळ्यात बनियनचा तुकडा धरून.

दुसरा छोटा, फीड पंप. तो टाकीतलं डिझेल ओढून फिल्टरकडे आणि पुढं मोठ्या पंपाकडे पोचवतो. दाजींच्या गाडीत तो इंजिनाच्या कुशीला लावलेला आहे. इंजिनातला कॅम त्याची दांडी हलवतो, दांडी आतला रबरी पडदा खाली ओढते, त्या ओढीनं डिझेल येतं. मग स्प्रिंग पडद्याला वर ढकलते आणि डिझेल पुढं जातं. या पडद्याला गॅरेजात डायफ्राम म्हणतात. दाजींच्या गाडीत सारखा फाटत होता तो हा.

छोटा पंप जाण्यात एक मोठा धोका असा, की माणूस खूश होतो. मिस्त्री गंभीर चेहऱ्यानं "पंप गेलाय भाऊ" म्हणतो, तेव्हा मालकाच्या डोळ्यांपुढं मोठ्या पंपाचा खर्च उभा राहतो, आणि मग मिस्त्री हळूच "छोटा" म्हणतो. मालकाचा जीव इतका भांड्यात पडतो की तो हसतहसत पैसे देऊन मोकळा होतो. पंप का गेला, हे विचारायचं राहूनच जातं. मोठा पंप दोनदा गेला असता तर दाजींनी चौकशी समिती नेमली असती. छोट्याला कुणी विचारत नाही.

मिस्त्री खोटं बोलत नव्हता, हे इथं नोंदवायला हवं. पंप खोलला की डायफ्राम खरोखर फाटलेला निघायचा. तो ते काळं, आकसलेलं रबर दाजींच्या तळहातावर ठेवायचा आणि दाजी त्याच्याकडे नातवाचा पडलेला दात बघावा तसे बघायचे. नवा फाटल्यावर मिस्त्री म्हणाला, "माल डुप्लिकेट." मग होलोग्रामवाला खोका आणला. तोही फाटला. तेव्हा म्हणाला, "आता वरिजनलमदे बी पहिल्यावानी दम नाय राह्यला." या युक्तिवादाला तोड नाही. तो कुठल्याही मालाला, कुठल्याही काळात लावता येतो.

मधल्या काळात एक आनंदाची घटना घडली. इंजिनातलं ऑइल वाढायला लागलं. जुनी गाडी ऑइल खाते, हा सृष्टीचा नियम. दाजींची गाडी ऑइल देत होती. काडी काढून पुसून पुन्हा बुडवली तरी रेषेच्या वर. दाजींनी ही बातमी आमच्या ताईला पगारवाढीच्या सुरात सांगितली. मिस्त्रीनं काडी नाकाला लावली आणि आनंद तिथंच संपला. फाटलेल्या डायफ्रामातून डिझेल खाली इंजिनात उतरत होतं आणि ऑइल पातळ करत होतं. अशा ऑइलवर गाडी फार पळवली तर बेअरिंगचं वाटोळं. म्हणून पंपाबरोबर दर वेळी ऑइलही बदलायचं आलं. छोटा खर्च हळूहळू मोठा होत चालला.

मग तज्ज्ञ वाढले. गाडीच्या वायरमननं पाहिलं आणि फॉल्ट वायरिंगचा निघाला. या इंजिनाला वायरिंग म्हणून जे काही आहे त्यात डिझेल बंद करणारा एक सोलेनॉइड मुख्य. त्याची वायर त्यानं बदलली, वर काळी टेप गुंडाळली, सेल्फ मारला. गाडी चालू. त्यानं चहासुद्धा मागून घेतला. पुढच्या खेपेला गाडी घाटात. सायलेन्सरवाल्यानं पाहिलं, त्याला सायलेन्सर चोंदलेला दिसला. माझ्या मनात आलं, एखाद्या टेलरनं पाहिलं असतं तर सीटचं कव्हर उसवलं म्हणून गाडी ओढत नाही असंही निघालं असतं.

पुण्यात नाना पेठेत आम्ही पंप-नोझलवाल्यांकडे गेलो, मोठा पंप बाकावर तपासायला. तिथं एसी, पांढरी फरशी आणि चपला बाहेर काढायची सक्ती. दाजींनी सवयीनं आत शिरताना उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. बाकावर पंप फिरवला, काचेच्या नळ्यांत डिझेल पडलं, सगळ्या नळ्यांत सारखं. पंप ठणठणीत. तरी त्यांनीही कारण दिलंच : डिझेल. आणि ते बिनबुडाचं नव्हतं. भारत स्टेज तीनच्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत ३५० भाग गंधक चालायचं, चारमध्ये ५०, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर जे सहा नंबरचं आलं त्यात फक्त १०. गंधक काढायच्या प्रक्रियेत डिझेलमधले मुळातले वंगणाचे गुणही धुऊन जातात आणि जुन्या पंपांना वंगण मिळतं ते डिझेलचंच. रिफायनरी ही उणीव भरून काढायला वेगळं द्रव्य मिसळते. पण "डिझेल कोरडं झालंय" हे वाक्य दाजींना इतकं आवडलं की घाटातल्या प्रत्येक ड्रायव्हरला ते त्यांनी स्वतःचं म्हणून ऐकवलं आणि टाकीत टू-स्ट्रोक ऑइल घालायला सुरुवात केली. रबर फाटण्याशी या कोरडेपणाचा संबंध काय, हा प्रश्न मी एकदा काढला. "पाव्हणं, तुम्ही टॉर्च नीट धरा," असं उत्तर मिळालं. या सगळ्या प्रकरणात माझ्याकडे अधिकृत काम तेवढंच होतं.

ताईची थिअरी नजरेची. तिनं पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली आणि त्या खेपेला गाडी खरंच घाट चढून आली. आळेफाट्याच्या एका विशिष्ट पेट्रोल पंपावरचं डिझेल गाडीला मानवतं, असंही सिद्ध झालं. तिथं भरलं की गाडी पुढं बराच वेळ कुरकुर करत नसे. म्हणजे बघा, पुरावा सगळ्यांकडे होता. वायरमनकडे होता, ताईकडे होता, पेट्रोल पंपाकडे होता. मिस्त्री तर पाइपला तोंड लावून उलटी फुंकर मारायचा, हाताखालच्या पोराला, बारक्याला, टाकीच्या तोंडाशी कान लावायला सांगायचा, आतून बुडबुड ऐकू आली की लाइन साफ असल्याचं जाहीर करायचा, आणि नंतर सेल्फ मारला की गाडी चालू. त्याच्याकडे पुराव्याचा डोंगर होता.

या सगळ्यांनी एक गोष्ट न चुकता केली होती, आणि ती आपण केली हे कुणाच्या गावी नव्हतं. सगळ्यांनी आधी टाकीचं झाकण उघडलं होतं.

या झाकणाला इतिहास आहे. कल्याणला रात्री माल उतरवेपर्यंत गाडी उभी असताना कुणीतरी डिझेल काढून नेलं. दाजींनी दुसऱ्याच दिवशी चकचकीत, कुलपाचं झाकण आणलं. आत जाड रबरी वायसर, बाहेर किल्ली, वरून पाण्याचा थेंब आत जाणार नाही. दुकानदारानं हेच कौतुकानं सांगितलं होतं आणि ते शंभर टक्के खरं होतं. थेंबच काय, हवासुद्धा आत जात नव्हती. जुन्या झाकणात हवा आत घेणारी एक बारीक सोय होती. तिच्याकडे कधी कुणाचं लक्ष गेलं नव्हतं, कारण ती आपलं काम करत होती.

टाकीतून डिझेल बाहेर जाईल तेवढी जागा हवेनं भरावी लागते. हवा आलीच नाही तर आत निर्वात पडत जातो आणि पंपाला दर घोटाला जास्त जोर लावावा लागतो. फीड पंपात ओढायचं काम दांडी करते, आणि तिला दयामाया नसते. कॅम फिरला की ती पडदा ओढणारच. तिकडून टाकी सोडत नाही, इकडून इंजिन सोडत नाही, मध्ये रबर. चढाला इंजिनाला डिझेल जास्त लागतं, म्हणून गोंधळ चढालाच. अर्धा तास थांबलं की कुठल्यातरी सांध्यातून थोडी हवा आत शिरते, ओढ सैल होते आणि गाडी चालू होते. हाच तो विसावा. पेट्रोल पंपावर झाकण उघडलं की सगळं एकदम मोकळं. म्हणून आळेफाट्याचं डिझेल मानवायचं. आणि लिंबू बांधलं त्या दिवशी ताईनं दाजींना वाटेत डिझेल भरायला पैसे दिले होते.

गंमत अशी की हेच दाजी विहिरीवरच्या मोटारीनं पाणी ओढलं नाही तर मोटारीला हात लावत नाहीत. आधी फूट व्हॉल्व्ह बघतात, मग सक्शनच्या पाइपाचे सांधे, आणि मोटार सगळ्यात शेवटी. गावात कुणी थेट मोटार वायंडिंगला नेली तर हसतात त्याला. पण विहीर आपली आणि गाडी मिस्त्रीची, अशी अकलेची वाटणी झालेली असते.

मिस्त्री एकदा अगदी दाराशी पोचला होता. त्यानं टाकीची लाइन सोडवून डिझेलचा कॅन केबिनवर बांधला आणि गाडी कॅनवर चालवून पाहिली. घाटात फिरवून आणली, एक आचका नाही. म्हणजे दुखणं पंपाच्या मागं, टाकीकडे. इथवर तर्क शुद्ध होता. मग टाकी उतरवली आणि आत एवढं सापडलं की पुढं शोधायची कुणाला गरजच वाटली नाही : गंज, तळाशी पाणी, आणि काळा बुळबुळीत थर. पाणी आणि डिझेल जिथं भेटतात तिथं सूक्ष्म जीव वाढतात, त्यांचा हा संसार. अर्धी रिकामी टाकी पावसाळ्यात उभी राहिली की आतल्या दमट हवेचं पाणी होतं आणि त्यांची सोय लागते. हे सगळं धुतलं, जाळी बदलली, फिल्टर बदलला. या घाणीनं मोठा पंप नक्की खाल्ला असता, त्यामुळे काम वाया गेलं असं मी म्हणणार नाही. पण टाकी चढवल्यावर तेच झाकण तिच्यावर कुलूप लावून बसवलं. ते तर नवं होतं!

किल्लीचंही सांगायला हवं. दाजी ती करदोड्याला बांधायचे. त्यामुळे कुठलीही तपासणी सुरू व्हायची ती दाजींनी शर्ट वर करून, श्वास आत ओढून, टाकीला पोट टेकवून कुलूप उघडण्यानं. झाकण निघताना एक आवाज यायचा, सुस्सऽ असा, आणि पाठोपाठ पत्र्याचा डब्ब. दाजींच्या त्या अवस्थेत तो आवाज नेमका कुणाचा, याची चौकशी करण्याचं धाडस कुणी केलं नाही.

सुटका झाली ती दिवाळीत. दाजींनी नवा करदोडा बांधला, जुना रीतीप्रमाणे नदीत सोडला आणि किल्ली त्याच्याबरोबर गेली. दुसरी किल्ली ताईनं जपून ठेवली होती. इतकी जपून, की ती आजतागायत मिळालेली नाही. कुलूप फोडलं, झाकण गेलं, टाकीच्या तोंडाला फडकं लावून वरून ट्यूबचा रबर गुंडाळला. आणि गाडी जी सुटली! घाटात कणीसवाला हात करायचा आणि दाजी हॉर्न देऊन निघून जायचे. यशाचे वाटेकरी लगेच पुढं आले. मिस्त्री म्हणाला टाकी, नाना पेठेतल्यांना फोनवर वाटलं ऑइल, ताईनं लिंबू बदललं. मग फडक्यातून धूळ जाते म्हणून दाजींनी तसलंच दुसरं कुलपाचं झाकण आणलं, आणि गाडी पुन्हा घाटातल्या बोगद्याच्या अलीकडे उभी.

ओतूरच्या गॅरेजात टोचण लावून आणली. मिस्त्रीनं पंपाकडे हात नेला. बारा-तेराचा पाना घेऊन उभा असलेला बारक्या म्हणाला, "काका, फडकं होतं तवा पळत हुती ना?" कुणी लक्ष दिलं नाही, बारक्यानं पाना द्यायचा असतो, मत नाही. तो गाडीखाली शिरला आणि टाकीजवळचा रबरी पाइप बोटांनी चेपून बघितला. पाइप आधीच चेपलेला होता, चपातीसारखा नव्हे तरी ओठ मिटल्यासारखा. "झाकण उघडा," तो खालूनच ओरडला. दाजींनी शर्ट वर केला. सुस्सऽ, डब्ब. आणि बारक्याच्या डोळ्यांदेखत पाइप फुगून गोल झाला. पंपाला कुणी हात लावला नव्हता. सेल्फ मारला, गाडी चालू.

गॅरेजात क्षणभर शांतता पसरली आणि मग मिस्त्री म्हणाला, "मी पयल्यापासून सांगतोय, हवेचा लोच्या हाय."

दाजी तिथल्या तिथं झाकणाला ड्रिलनं भोक पाडायला निघाले होते. मिस्त्रीनं थोपवलं, आणि याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. नुसत्या भोकातून पावसाचं पाणी आत जातं आणि वळणावर डिझेल बाहेर. मागून येणारा दुचाकीवाला त्याच्यावरून घसरतो. हवा आत घेणारी बारीक झडप असलेलं झाकण बाजारात मिळतं, कुलपासकट. एका डायफ्रामच्या किमतीत ते आलं आणि किल्लीसुद्धा दोन मिळाल्या. पुढच्या पावसाळ्यात कणीसवाल्यानं दाजींची चौकशी केली असं ऐकलं.

फाटलेले पंप दाजींनी भंगारात दिलेले नाहीत. "त्यांची काय चूक?" म्हणतात. मात्र स्वतः ते आता वेगळ्या पायरीवर गेले आहेत. रस्त्यात कुणाचीही गाडी उभी दिसली की बॉनेटकडे न बघता थेट टाकीकडे जातात, झाकण सैल करतात आणि कान लावतात. मागल्या आठवड्यात ओतूरच्या बाजारात एक मालवाहू तीनचाकी बंद पडली होती. दाजी तिच्याभोवती फिरले, वाकून खालूनही बघितलं.

"झाकण कुठंय रं हिचं?"

"काका, ही बॅटरीवर चालती. डिझेल नाय हिला."

दाजींनी थोडा विचार केला.

"मंग पंप गेला आसंल."